तीन मिनिटं एकतीस सेकंद: एका पंक्चरचा पंचनामा

माझी भाची रेसमध्ये पंक्चर झाली तेव्हा मी तिच्यापासून तीन फुटांवर उभा होतो. हातात पंप होता, खिशात दोन ट्यूब होत्या, आणि मी काहीही करू शकत नव्हतो. नियमच तसा होता. पाण्याची बाटली देता येईल, पण सायकलला बाहेरच्या माणसाचा हात लागला की स्पर्धक बाद. शिट्टी गळ्यात अडकवलेला एक स्वयंसेवक माझ्याकडेच बघत होता. पंप खाली ठेवला, फोन काढला आणि सगळं रेकॉर्ड केलं. हा पंचनामा त्या व्हिडिओवरून, तिच्या सायकल कॉम्प्युटरच्या नोंदीवरून आणि नंतर दोन दिवस आमच्यात झालेल्या भांडणावरून केलेला आहे.

सप्टेंबरचा रविवार होता. पहाटे पाऊस पडून गेला होता. डोणजे फाट्यावरून खानापूरमार्गे पानशेत आणि परत, अशा दोन फेऱ्या. हा रस्ता पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या पायाखालचा आहे. डाव्या बाजूला सिंहगडाचा डोंगर, उजवीकडे खडकवासल्याचं पाणी, आणि पुढे सतत लहान चढउतार. पावसाळ्यात त्याच्या कडेला जे काही साठतं ते मात्र फोटोत दिसत नाही. धुऊन आलेली बारीक खडी, बाटल्यांच्या काचा, बाभळीचे काटे, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधल्या तारा. रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचं जाळं असतं. टायर फाटला की त्या तुकड्यातुकड्यांनी रस्त्यावर सांडतात. ओल्या रस्त्यावर हा कचरा टायरला चिकटून राहतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा आत ठोकला जातो. रबरातून टोकदार वस्तू आरपार जायला पाणी वंगणासारखं काम करतं, हे वेगळंच. पावसाळ्यात पंक्चर जास्त होतात यात नशिबाचा भाग कमी आहे.

दुसऱ्या फेरीत, खानापूरच्या पुढे, ती पुढच्या दहा-बारा जणींच्या घोळक्यात होती. वेग ताशी ३१ किलोमीटरच्या आसपास. हवा जाऊन मागचं चाक बसायला लागलं. मी बाटल्या घेऊन उभा होतो ती जागा तिथून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. तिने काय करावं? थांबावं. तिने काय केलं? तशीच रिमवर रेटत माझ्यापर्यंत आली.

"मामा, पंप!"

"देता येणार नाही."

तिने माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवतं. मग काही न बोलता ती कामाला लागली.

व्हिडिओतलं घड्याळ पाय टेकल्यापासून धरलं आहे. मागचं चाक काढायचं तर चेन सर्वांत लहान चकतीवर हवी, म्हणजे चाक सरळ खाली सुटतं. हा गिअर थांबण्याआधी, चालत्या सायकलवर पाडायचा असतो. अर्धा किलोमीटर रखडत आली पण ते राहिलं, म्हणून मागची बाजू उचलून, हाताने पेडल फिरवून गिअर पाडावा लागला. ब्रेकची खिटी उघडली, चाक धरून ठेवणारा क्विक रिलीज उघडला, ०:२७ ला चाक हातात. सायकल उलटी केली नाही, उजवी बाजू वर ठेवून गवतावर आडवी टाकली. शाबास.

टायरची एक बाजू उतरवायला ३८ सेकंद. यात तक्रारीला जागा नाही. उरलीसुरली हवा पूर्ण काढली, टायरची कड दोन्ही अंगठ्यांनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलली आणि मगच टायर उचकटायचा लिव्हर घातला. पुष्कळ लोक इथेच लिव्हर मोडतात, कारण कड खोलगटात नेली नाही तर टायर रिमवर ताणलेलाच राहतो आणि मग पैलवानी सुरू होते. १:१६ ला जुनी ट्यूब बाहेर आली आणि तिने ती माळेसारखी गळ्यात टाकली.

मग पिशवी. सीटखालच्या पिशवीतून नवी ट्यूब काढून वापरायच्या अवस्थेत आणायला २५ सेकंद गेली. ट्यूब दुकानातून आणली तशीच होती. तिच्यावर रबरबँड, व्हॉल्व्हवर प्लास्टिकची टोपी, टोपीखाली चकतीसारखी नट. ती नट ओल्या बोटांनी फिरवताना भाची जे पुटपुटली ते व्हिडिओत आहे, इथे नाही. टोपी आणि नट रस्त्यावर कुणालाही लागत नाहीत. घरीच काढून फेकायची, ट्यूबला टाल्कम पावडर लावायची, जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवायची. मोजा हात पुसायलाही होतो. हे मला माहीत होतं. पिशवी मीच भरली होती.

१:४१ ते १:४५. या चार सेकंदांसाठी हा सगळा खटाटोप. आत काही अडकलंय का ते बघायला तिने टायरच्या आतून बोटं फिरवली. एक फेरा, झर्रकन, हातमोजे घालून. पूर्ण बोटांचे हातमोजे. पावसात ब्रेकवरची पकड सुटू नये म्हणून तेही मीच दिलेले.

तिथून पुढचं सगळं बघण्यासारखं. तोंडाने दोन फुंका मारून ट्यूबला जरा आकार दिला, म्हणजे ती पिळा खात नाही. व्हॉल्व्ह भोकात, ट्यूब आत, कड चढवायला व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरुवात आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. शेवटची वीत लिव्हर न वापरता तळव्याने लोटली. व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून ट्यूब कडेखाली चिमटली नाही ना ते पाहिलं. २:३८ ला १६ ग्रॅमचं कार्बन डायऑक्साइडचं काडतूस लावलं. गॅस सुटताना काडतूस बर्फासारखं थंड होतं, उघड्या हाताला चटका बसतो. तिथे ते हातमोजे उपयोगी पडले, तेवढीच त्यांची कमाई. चाक परत बसवलं, क्विक रिलीज आवळला, ब्रेकची खिटी बंद केली (ही विसरणारे सिंहगड उतरताना मी पाहिलेत) आणि ३:३१ ला ती निघाली. टपरीवर चहा पिणाऱ्या चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

चार किलोमीटरवर चाक पुन्हा बसलं.

हे दुसरं थांबणं मी पाहिलेलं नाही. नोंदीत वेग शून्य आहे, ८ मिनिटं ५० सेकंद. पिशवीत आता ट्यूब नव्हती. एक काडतूस आणि बिनसोल्यूशनच्या चिकटपट्ट्यांची डबी होती. आता घाई करण्यात अर्थ उरला नाही म्हणून असेल, तिने हातमोजे काढले. उघडी बोटं टायरच्या आतून सावकाश फिरवली, तर काही लागलं नाही. मग टायर उलट्या बाजूला दुमडत, वीतभर वीतभर पुढे सरकवत पाहिलं. दुमडल्यावर एका जागी काहीतरी टोचलं. केसासारखी तार, सेंटिमीटरभरसुद्धा नाही. टायर सरळ असताना तिचं टोक रबराच्या पातळीत दडून राहायचं. वजन पडून टायर चपटा झाला की तेवढ्यापुरतं आत डोकवायचं आणि ट्यूबला टोचायचं. नखाने निघेना. शेवटी छातीवरच्या नंबराच्या कागदाची सेफ्टी पिन काढली, आतून तार बाहेरच्या बाजूला ढकलली आणि बाहेर आलेलं टोक दातात धरून ओढलं.

मग ट्यूबमधलं भोक शोधणं, पुसणं, पट्टी लावणं, दाबून धरणं. मध्येच दुधाचे रिकामे कॅन लावलेला एक मोटरसायकलवाला थांबला. "ताई, बसा, पानशेतला सोडतो." तिने नियम सांगितला. तो म्हणाला, "कुणी बघत नाहीये की." नाही बसली. बिनसोल्यूशनच्या पट्टीवर फार भरवसा नको म्हणून काडतूस अर्धंच सोडलं आणि मऊ टायरवर, खड्डे चुकवत, शेवट गाठला. महिलांमध्ये शेवटून दुसरी.

घरी आल्यावर घरातल्यांचं मत पडलं की नशीब वाईट, एका रेसमध्ये दोन पंक्चर. मला ते पटत नाही. पंक्चर एकच होतं. तेच दोनदा झालं.

आता हिशोब. दर महिन्याला हा व्हिडिओ मी कुणालातरी दाखवतो आणि प्रत्येक जण हेच म्हणतो की ३:३१ मधले २५ सेकंद पिशवीत गेले, १२ गिअरमध्ये, ते वाचवले असते तर. वाचवायलाच हवेत. पण घोळका ३१ च्या वेगाने चालला होता. रिमवर रखडत येण्यात साधारण ५५ सेकंद जास्तीचे गेले होते, जे कुणी मोजत नाही कारण व्हिडिओ तिथे सुरूच झालेला नव्हता. ते धरून ४ मिनिटं २६ सेकंद. एवढ्या वेळात घोळका सव्वादोन किलोमीटर पुढे गेला. एकटीने, समोरचा वारा स्वतः खात, घोळक्यापेक्षा ताशी दोन किलोमीटर जास्त वेगाने सायकल मारली तरी हे अंतर भरून काढायला एक तास नऊ मिनिटं लागतील. रेस उरली होती तासाभराची. म्हणजे तो घोळका तिला पुन्हा दिसणार नव्हता. ३:३१ मध्ये नाही, तीन मिनिटांतही नाही.

मग तार शोधायला आणखी ३० सेकंद लागले असते तर काय गेलं असतं? अडीचशे मीटर. जे आधीच गेलं होतं त्यात आणखी अडीचशे मीटर. मिळालं काय असतं, तेही सांगतो. ती थांबली असताना, मागे पडलेल्या दोघी तिच्यासमोरून पुढे गेल्या होत्या. दुसऱ्यांदा चाक बसलं तेव्हा त्या दोघी तिच्यापुढे साठ-सत्तर मीटरवर होत्या. ती त्यांना गाठणारच होती. तिघींनी आळीपाळीने वारा घेतला असता तर मधल्या फळीत नक्की आल्या असत्या. रेसमध्ये पंक्चर झालेल्या माणसाची खरी रेस ही असते, सुटलेल्यांना गाठायची. ३० सेकंद उशिरा निघाली असती तर आणखी दोनेक किलोमीटर लागले असते, एवढंच.

मोठ्या स्पर्धांमधली चाकबदली डोक्यात बसलेली असते, त्याने घोटाळा होतो. तिथे टायर कुणी बदलतच नाही, अख्खं चाक बदलतात. मागून मदतीची गाडी येते, मेकॅनिक चाक घेऊन उडी मारतो, काही सेकंदांत काम. माविक या फ्रेंच कंपनीच्या पिवळ्या गाड्या १९७३ पासून हे करत होत्या. टूर दी फ्रान्समध्ये २०२१ पासून शिमानोच्या निळ्या आल्या. गाडी नसेल तर सहकाऱ्याचं चाक. १९३४ च्या टूरमध्ये वीस वर्षांच्या रने व्हिएत्तोने आपलं चाक कर्णधार आंतोनँ मान्यला काढून दिलं आणि स्वतः रस्त्याकडेच्या भिंतीवर बसून राहिला. रडतानाचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. मान्य ती टूर जिंकला. आमच्या रेसला ना गाडी ना कर्णधार. आमचं नातं त्याही आधीच्या जमान्याशी, जेव्हा फाटलेला टायर स्वतःच बदलायचा आणि जास्तीचे टायर खांद्यांवरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे अडकवून शर्यत मारायची. त्या जमान्यातल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असणार. खांद्यावर टायर दोनच आहेत.

माझं लहानपण पुण्यात सायकली मोजता येत नव्हत्या तेव्हाचं. आमच्या कोपऱ्यावर एक पंक्चरवाला बसायचा. पाण्याचं घमेलं, कानस, कात्री, सोल्यूशनची नळी. तो आणि आम्ही सगळेच सोल्यूशनला 'सुलोचन' म्हणायचो आणि ही सुलोचना कोण, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला होता. हाच माणूस रात्री रस्त्यावर खिळे टाकतो अशीही आमच्या वाड्यात वदंता होती. तशी ती प्रत्येक पेठेत असायची. त्याला कधी घाई करताना पाहिलं नाही. ट्यूब बाहेर काढली की आधी व्हॉल्व्हपासून भोक किती अंतरावर आहे ते बघायचा, ट्यूब टायरवर तशीच धरायचा आणि नेमक्या त्याच जागी बोट घालायचा. काटा काढून माझ्या तळहातावर ठेवायचा. "हा घ्या तुमचा पाहुणा." मगच घमेल्याकडे वळायचा.

मी तिच्या टायरचं लेबल नेहमी व्हॉल्व्हच्या समोर आणून बसवतो. कुठलाही मेकॅनिक बसवतो. ते दिसायला छान म्हणून नाही. ट्यूबमध्ये भोक व्हॉल्व्हपासून चार वीत अंतरावर सापडलं, तर टायरमध्येही लेबलपासून डावीकडे किंवा उजवीकडे चार वीत, या दोनच जागा तपासायच्या. अख्खा टायर चाचपायची गरज नाही. भोक शोधायला ट्यूब तोंडाने फुगवून ओल्या ओठांजवळून फिरवायची, हवा लागते. शेजारी शेजारी दोन भोकं असली तर काटा नाहीच, खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली आहे, शोधत बसू नका, निघा. एकच भोक असेल तर आत काहीतरी आहे असं समजायचं. तिच्या पहिल्या ट्यूबला एकच भोक होतं. ट्यूब गळ्यात होती. लेबल जागेवर होतं. आणि ते जागेवर का असतं हे मी तिला कधी सांगितलेलंच नव्हतं.

आमचं भांडण झालं ते इथे. मी म्हटलं, घाई केलीस. ती म्हणाली, "मामा, तूच स्टॉपवॉच घेऊन उभा असायचास."

खरं होतं. तीन महिने दर शनिवारी पार्किंगमध्ये आम्ही टायरबदलीचा सराव करत होतो. सुरुवातीला नऊ मिनिटं लागायची, शेवटी तीन-दहा. पण मी द्यायचो ते चाक धडधाकट असायचं. व्हॉल्व्ह दाबून हवा सोडायची, ट्यूब काढायची, दुसरी घालायची. त्या टायरमध्ये कधी काही नसायचंच. मग ती शोधेल कशाला? बोटं फिरवायची म्हणून फिरवायची, आरतीनंतर कापूर ओवाळतात तशी. रेसमध्ये तपासायला चारच सेकंद उरले ते काही आयत्या वेळी नाही. माझ्याच स्टॉपवॉचने बाकीचे आठवड्याला एक-दोन सेकंद करत खाल्ले होते.

ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबऐवजी आत भोक बुजवणारा द्रव भरलेले टायर का नाहीत, असं विचारतील म्हणून थोडक्यात. तिच्या रिम त्या जातीच्या नाहीत. असत्या तर एवढी तार आतल्या द्रवाने बहुधा जिरवली असती. पण तो द्रव पुण्याच्या उन्हाळ्यात लवकर वाळतो, दर दोन-तीन महिन्यांनी बघून भरावा लागतो, आणि जिथे तो कमी पडतो तिथे शेवटी ट्यूबच घालावी लागते, तीही चिकट झालेल्या टायरमध्ये. म्हणजे सराव सुटत नाही.

सराव मात्र बदलला. आता दोन ट्यूब, दोन्ही बिनटोपीच्या, मोज्यात. शिवाय हातपंप, वजनाला नाक मुरडून का होईना. चाक बसतंय असं वाटलं की पहिल्या दहा सेकंदांत दोन गोष्टी: गिअर पाडायचा आणि कडेला थांबायचं, मामा कुठेही उभा असो. हातमोजे काढून उजव्या खिशात. आणि सराव पार्किंगमध्ये ताज्या दमाने नाही. आधी बोपदेव घाटाचा चढ मारायचा, वर पोचल्या पोचल्या, छाती धपापत असताना, बोटं घामाने निसरडी असताना.

चाक मीच तयार करून नेतो, ती बघत नसताना. कधी काचेचा कण, कधी काटा, कधी दोन ठिकाणी, आणि चारातून एकदा काहीच नाही, कारण काही नाही हेही शोधूनच कळायला हवं. सापडलेली वस्तू माझ्या तळहातावर ठेवल्याशिवाय तिने नवी ट्यूब उघडायची नाही. वेळ आता चार-पाचवर आली आहे. पहिल्या महिन्यात ती यावर फार चिडायची.

त्यानंतर दोन रेस झाल्या. दोन्हींत पंक्चर झालं नाही, त्यामुळे या सरावाचा रेसमध्ये उपयोग झाला असं मी सांगू शकत नाही. पानशेतच्या रस्त्यावरची ती तार तिने दातातून काढून नंबराच्या कागदात गुंडाळून आणली होती. मी ती कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली आहे. सरावाला तीच वापरतो. गेल्या शनिवारी तिने टायर दुमडला, थबकली, बोट तिथेच ठेवून वर बघितलं.

"मामा, परत हीच?"